ओट्याच्या अलीकडे

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कॅनडातल्या लंडन आणि ग्वेल्फच्या मध्ये कुठेतरी येतं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर इथल्या मराठी मंडळातले लोक पहिल्याच ओळीला मला ओळखतील आणि पुढचं वाचायच्या आधी एकमेकांना फोन लावतील. तशी ओळखणारे ओळखतीलच, पण त्यांनाही थोडे कष्ट पडू देत.

मी इथल्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. अकरावीला अमेरिकेचा इतिहास असतो आणि त्यात दर हिवाळ्यात ते गृहयुद्ध येतं. पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: हे लोक एकमेकांना मारायला का उठले? कुणी म्हणतं राज्यांचे हक्क, कुणी म्हणतं कापूस. मागच्या बाकावरून कुणीतरी कंटाळून म्हणतं, स्लेव्हरी, मिस. मग मी विचारते, बाबा रे, गुलामगिरी तर कितीतरी पिढ्या चालूच होती, मग युद्ध तेव्हाच का झालं? यावर निम्मी मुलं टेबलाखाली फोन बघायला लागतात.

उत्तर मी देते ते त्यांना पटत नाही. मी सांगते, कारण तोवर ते भांडण मिटवत बसले होते. घटना लिहिताना गुलाम हा शब्दच त्यांनी कागदावर येऊ दिला नाही, ‘इतर व्यक्ती’ असं लिहून वेळ मारून नेली. पुढे नवीन राज्यं जोडायची वेळ आली तेव्हा नकाशावर एक आडवी रेघ ओढली: रेघेच्या खाली गुलाम ठेवा, वर ठेवू नका, आणि विषय संपला असं समजा. लोक गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठवायला लागले, तर संसदेने नियम केला की असले अर्ज वाचायचेच नाहीत. प्रत्येक वेळी सगळे हुश्श करून घरी गेले. मुलं विचारतात, मिटवामिटवी केल्याने युद्ध कसं होईल? सोळा वर्षांच्या पोरांना ते कसं कळावं? मला स्वतःलाही ते पुस्तकं वाचून नीटसं कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात.

मी नागपूरची. आमच्या घरी भिंतीवर देव नव्हते. बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी कोट-चष्म्यातल्या एका माणसाची तसबीर होती. मी दलित आहे, हे इथे सरळ लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नवऱ्याचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं. त्यावरून काहीच कळत नाही, आणि न कळण्याचा आपल्या लोकांना भारी त्रास होतो बाप्पा.

मैत्रीण पुण्याची. आमचा इथला पहिला हिवाळा होता. ग्रोसरीच्या दुकानाबाहेर बर्फात आमची गाडी रुतली होती आणि मी नवऱ्याला मराठीतून यथेच्छ झापत होते. विंटर टायर घ्या म्हणून सांगितलं होतं की नाही, वगैरे. शेजारच्या गाडीतून एक बाई उतरली, म्हणाली, अहो, किती दिवसांनी असं खणखणीत मराठी ऐकलं, आणि डिकीतून फावडं काढून सरळ चाकाखालचा बर्फ उपसायला लागली. अशी ती मला भेटली. त्याच संध्याकाळी आम्ही तिच्या घरी पिठलं-भात खाल्ला. तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला आडनाव विचारलं. मग मूळ गाव विचारलं. मग, म्हणजे त्या गावात नक्की कुठले, असंही विचारलं. माझा नवरा असल्या वेळी हवामानावर बोलायला लागतो. त्या दिवशीही तो बोलला, आणि मैत्रिणीने पटकन ताटं मांडली.

त्यानंतर तिने माझ्यासाठी काय केलं नाही ते विचारा. माझी मुलगी झाली तेव्हा नवरा तिकडे टोरोंटोजवळ रिचमंड हिलला कामावर होता, रस्ते बंद होते, हॉस्पिटलात ती माझा हात धरून उभी होती. इथल्या शिक्षकाच्या परीक्षेला मी बसले तेव्हा माझी पोर आठवडेच्या आठवडे तिच्याकडे जेवली, झोपली. मुलगी तिला मावशी म्हणते. माझ्या सख्ख्या बहिणीला ती ‘नागपूरवाली आंटी’ म्हणते, यावरून काय ते समजा.

ती मराठी मंडळात होती, म्हणून मीही गेले. मला गणपतीशी घेणं नव्हतं, मला मराठी कानावर पडायला हवं होतं. गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळातल्या बायका तिच्या घरी नैवेद्याचे मोदक करायला जमायच्या. तिच्या स्वयंपाकघरात मधोमध मोठा ओटा आहे, चारी बाजूंनी मोकळा, इथल्या घरांत असतो तसा. त्याच्या पलीकडे, शेगडीच्या बाजूला, बायका उकड काढायच्या, मळायच्या, पाऱ्या करायच्या. अलीकडे उंच स्टुलं होती. पहिल्या वर्षी मी बाह्या सरसावून पलीकडे निघाले, तर तिने मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं. म्हणाली, तू नको गं दमूस, तुझा आवाज किती छान आहे, तू कार्यक्रमाचं सूत्रसंचालन लिही. मी लिहिलं. दुसऱ्या वर्षीही लिहिलं. पुढे मुलांची नाटुकली, कागदी प्लेट्स, पार्किंगची व्यवस्था, सगळं माझ्याकडे आलं, आणि उकडीला माझा हात काही लागला नाही. कुणी मला नको म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. स्टुलावर बसून मी सगळ्यांना हसवायचे आणि तयार मोदक मलाच पहिला खायला मिळायचा. नैवेद्याचा नव्हे, चवीचा.

मला माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. तुम्ही अशा ठिकाणी कधी बसला असाल तर तुम्हाला कळेल, नसाल तर समजावून सांगण्यात अर्थ नाही.

मग त्या वर्षीची सहल आली. इथून नैर्ऋत्येला, अमेरिकेतून नदी ओलांडून पळून आलेल्या गुलामांनी वसवलेल्या जुन्या वस्त्या आहेत. तिथे एक छोटं संग्रहालय आहे, जुनं चर्च आहे. मंडळाने जूनमध्ये बस केली, आणि मैत्रीण तेव्हा मंडळाची अध्यक्ष, तिने माझ्या हातात माइक दिला. मी रंगून बोलले. खोटं कशाला सांगू, मला बोलायला आवडतं. मी सांगितलं की देश फुटायच्या कितीतरी आधी तिथली चर्चेस फुटली. एकाच देवाची तीच प्रार्थना म्हणणारे लोक, पण गुलाम ठेवणाऱ्याला पाद्री होता येईल का, यावर वेगवेगळे बसायला लागले. मी सांगितलं की मग असा कायदा आला, की पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर त्याला धरून द्यायला तिथल्या साध्या माणसानेही मदत करायची. तोवर उत्तरेतला माणूस म्हणू शकत होता, हा आमचा प्रश्न नाही. या कायद्याने प्रश्न त्याच्या दारात आणून उभा केला. मग पळणाऱ्यांना उत्तरेतही थारा राहिला नाही आणि ते इथवर आले, आपण आत्ता जातोय तिथे. पुढे ती नकाशावरची रेघही पुसली, नव्या प्रदेशातल्या लोकांनी मत देऊन ठरवावं म्हणाले, आणि लोक मत द्यायला बंदुका घेऊन गेले. संसदेत एका सभासदाने दुसऱ्याला बाकावर बसलेला असताना काठीने रक्तबंबाळ केलं. त्यानंतर निवडणूक झाली, निकाल दक्षिणेला मान्य झाला नाही, एकेक राज्य निघून गेलं, आणि लाखो माणसं मेली.

संग्रहालयात पायातल्या बेड्या होत्या, लहान मुलाच्या मापाच्यासुद्धा. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळातले एक वयस्कर काका, सगळ्यांना हवेहवेसे, चष्मा पुसत म्हणाले, माणूस माणसाशी असं वागूच कसं शकतो हो? मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते अगदी मनापासून बोलत होते. मग आम्ही चर्चच्या हिरवळीवर चादरी अंथरल्या आणि पुरी-भाजी खाल्ली. प्लेट्स मी आणल्या होत्या.

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या आणि आमच्या भागातल्या शाळांच्या बोर्डापुढे एक ठराव आला. वंश, धर्म, लिंग यांवरून कुणाला वागणूक वेगळी द्यायची नाही असा नियम होताच, त्यात जात हा शब्द घालावा, असं कुणी तरी सुचवलं होतं. एवढा एक शब्द, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली. आपल्या मुलांना शाळेत चिडवतील, आपल्याला बदनाम करायचा डाव आहे, आम्ही तर जात भारतात सोडून आलो. एका मुलाने, इथे कॉलेजात शिकायला आलेल्या, लिहिलं की मला बेसमेंट भाड्याने देताना आडनाव विचारलं होतं. त्याला ग्रुपच्या अ‍ॅडमिनने सांगितलं की हे विषय इथे नकोत, ग्रुप सणासुदीचा आहे, आणि त्याचा मेसेज काढून टाकला. मी सोफ्यावर बसून ते वाचलं आणि मला न वाचलेले ते अर्ज आठवले. मनात म्हटलं, पुरे, प्रत्येक गोष्टीत इतिहास शोधू नकोस. बेड्या आणि आडनाव एक नव्हे. ते मी आजही म्हणते. पण विषय टाळायची रीत मात्र हुबेहूब तीच होती.

मंडळाने ठरवलं की बोर्डाच्या बैठकीत जाऊन ठरावाला विरोध करायचा. बोलायला एक माणूस हवा होता. एका रविवारी मैत्रीण माझ्या घरी आली. हातात चिवड्याचा डबा होता, आणि ती चपला काढतानाच मला कळलं की हिला काहीतरी मागायचंय. चहा झाला. मग म्हणाली की तू शिक्षिका आहेस, इंग्रजी चांगलं आहे, बसमध्ये काय सुरेख बोललीस, मंडळातर्फे तूच बोल. मी म्हटलं, काय बोलू? ती म्हणाली, हेच, की आपण सगळे इतकी वर्षं गुण्यागोविंदाने राहतोय, आपल्यात असलं काही नाही.

मी म्हटलं, दुसरं कुणीही सांगू शकेल हे. तू सांग.

ती कपाकडे बघत होती. मग म्हणाली, “तसं नाही गं. तू सांगितलंस तर कुणी उलटून प्रश्न विचारणार नाही.”

इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना सगळं सांगितलं होतं, तिचं आजारपण, माझ्या नवऱ्याची गेलेली नोकरी. हे एकच नव्हतं बोललो. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, पहिल्या संध्याकाळपासून. मी ताटं घ्यायला उठले ना, तेव्हाच. मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “म्हणून तर मी तुला कधी ओट्यापलीकडे येऊ दिलं नाही. कुणी काही बोललं असतं, तुला लागलं असतं. मी तुला सांभाळलं गं.”

मला तिचा प्रचंड राग आला आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं होतं. ती खोटं बोलत नव्हती. तिने खरंच सांभाळलं होतं, मला आणि त्यांनाही. रेघ तिनेच ओढली होती, आणि दर वर्षी आम्ही सगळ्या हुश्श करून मोदक खात होतो.

मी तिला म्हटलं, ठीक आहे, मी बोलते. माझी एक अट आहे. गणपती पुढच्या आठवड्यात आहेत. यंदाची उकड मी काढते, तुझ्या शेगडीवर, आणि आरतीच्या आधी माइकवर तू सांगायचं की नैवेद्य हिने केलाय. एवढं झालं, की मी बोर्डापुढे जाऊन सांगते, आमच्यात असलं काही नाही, आणि ते खरं असेल.

तिने चिवड्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि पुन्हा लावलं. माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट चालू होती: हो म्हण. मला ठरावाचं काही पडलं नव्हतं, मंडळाचं तर त्याहून नाही. मला ही बाई हवी होती. बर्फात फावडं घेऊन उतरलेली.

“माझी काहीच हरकत नाही,” ती म्हणाली. “मी विचारून सांगते.”

कुणाला विचारणार, ते मी विचारलं नाही. गणपती आले. मंडळाच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे कामं वाटली गेली आणि माझ्याकडे सूत्रसंचालन आलं. मी कळवलं की मला बरं नाही. मग बोर्डाच्या वेबसाइटवर जाऊन बोलणाऱ्यांत माझं स्वतःचं नाव दिलं. काय बोलणार ते माहीत नव्हतं.

बैठकीला मुलगी माझ्याबरोबर आली. हॉलमध्ये आपले लोक दोन बाजूंना बसले होते. एकीकडे मंडळ, नेहमीच्या सणाच्या कपड्यांत. दुसरीकडे कॉलेजची मुलं-मुली, काही कामावरून थेट, युनिफॉर्मवर जॅकेट घातलेली. संग्रहालयात चष्मा पुसणारे काका मंडळाच्या रांगेत होते. मी मध्ये उभी राहिले, मग मुलीने माझी बाही ओढली आणि आम्ही मुलांच्या मागे बसलो.

मंडळातर्फे मैत्रीणच बोलली. इंग्रजीतून, थोडी अडखळत. आम्ही कसे एक कुटुंब आहोत, सण कसे करतो. मग ती थांबली, आणि आता ती माझ्यावर येणार हे मला कळलं. मी मान हलवून नको म्हटलं, तिने बघितलं की नाही कोण जाणे. ती म्हणाली की माझी सगळ्यात जवळची मैत्रीण त्या समाजातली आहे, ती आज इथे बसली आहे, आणि ती इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात जेवते आहे. हे ऐकून माना वळल्या. ज्यांना इतकी वर्षं आडनावावरून काही कळलं नव्हतं, त्यांचा एकदाचा जीव भांड्यात पडला. काकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

नंतर माझं नाव पुकारलं. मी वर्गात रोज बोलते, पण तो मायक्रोफोन मला माझ्याहून उंच वाटला. मी एवढंच म्हटलं, “हे खरं आहे. मी हिच्या स्वयंपाकघरात कायम जेवले. तिथे स्वयंपाक मात्र मला कधी करू दिला नाही. तुम्ही हिला विचारा, का.” बोर्डाच्या लोकांना यातलं किती कळलं देव जाणे. आपल्या लोकांना सगळं कळलं. मी खाली येऊन बसले.

पार्किंगमध्ये ती तिच्या गाडीपाशी उभी होती. म्हणाली, सगळ्यांसमोर तू मला उघडं पाडलंस. मी म्हटलं, सुरुवात कुणी केली? ती म्हणाली की मी तुझं चांगलंच सांगत होते. आणि ती खरोखर तसंच समजत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिचा नवरा गाडीत बसून हीटर लावत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझी मुलगी ‘मावशी’ म्हणून पुढे झाली, पण मैत्रीण गाडीत बसली होती. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

ठरावाचं म्हणाल तर तो आणखी अभ्यासासाठी एका समितीकडे गेला. मंडळ मात्र फुटलं. मी एकटीने फोडलं असं काही जण म्हणतात, म्हणू देत. पुढच्या वर्षी गावात दोन गणपती बसले, एक नेहमीच्या कम्युनिटी सेंटरमध्ये आणि एक कॉलेजच्या मुलांनी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. दोन्हीकडे तीच आरती, तीच ढोलकी. दोन भाऊ वेगवेगळ्या हॉलमध्ये जायला लागले, एका घरात नवरा इकडे आणि बायको तिकडे. कुणी मेलं नाही, याला गृहयुद्ध म्हणणं म्हणजे माझ्यासारख्या मास्तरणीचा आगाऊपणा. पण ग्रोसरीत समोरून ओळखीचं माणूस दिसलं की आता मी दुसऱ्या रांगेत वळते, आणि तेही वळतात.

कॉलेजच्या मुलांनी मला विचारलं, मॅडम, नैवेद्य तुम्ही कराल? मी ज्या घरातली, तिथे नैवेद्य कधी दाखवला गेला नाही. मला देवाशी देणंघेणं नव्हतं आणि नाही. पण मी हो म्हटलं. आदल्या दिवशी इंडियन स्टोअरमधून तांदळाची पिठी आणली, फ्रोजन नारळ आणला, आणि माझ्या स्वतःच्या शेगडीशी उभी राहिले.

एकही मोदक धड झाला नाही. उकडीत गुठळ्या झाल्या, पारी करायला घेतली की कडेने चिरायची, वाफवून काढले तर सगळ्यांची तोंडं उघडलेली आणि सारण पात्रात वाहिलेलं. इतकी वर्षं ओट्याच्या अलीकडे बसून मी बघत होते, विनोद करत होते, पण पीठ हाताला किती गरम लागलं पाहिजे, पाण्याचा हात कधी लावायचा, हे बघून येत नाही. ते शेजारी उभं राहून, कुणीतरी आपला हात धरून दाखवावं लागतं. मी दुसरी उकड काढली. तीही चिरली. मी ओट्यावर डोकं टेकून रडले. मोदकांसाठी रडत नव्हते.

मुलगी आली, पातेल्यात डोकावली. म्हणाली, “मॉम, जस्ट कॉल मावशी. शी’ल टेल यू.”

मी डोळे पुसले. सांगेल की, मी म्हटलं. अगदी सगळं नीट सांगेल. फोनवरून.